विकलेली सदनिका आणि उरलेले देणे : इंग्लंडमधील पट्टेदाराच्या दायित्वाचा इतिहास

इंग्लंड व वेल्समध्ये सदनिका विकत घेणारा मनुष्य बहुधा तिचा पूर्ण मालक होत नाही. तो ९९, १२५ किंवा ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा धारक होतो. इमारतीचे छप्पर, जिने, विमा, रंगरंगोटी यांचा खर्च जमीनमालक किंवा व्यवस्थापक कंपनी करते आणि पट्ट्यातील वचनानुसार तो सर्व पट्टेदारांकडून वाटून घेते. या वाट्यास सेवाशुल्क म्हणतात. पट्टेदाराने सदनिका विकली, किल्ल्या दिल्या आणि तो अन्यत्र राहावयास गेला. त्यानंतरही जुन्या घराच्या सेवाशुल्काची मागणी त्याच्याकडे येऊ शकते काय? प्रश्न नित्य व्यवहारातला दिसतो. परंतु त्याच्या उत्तरामागे सुमारे साडेचारशे वर्षांचा इतिहास आहे, आणि वचन माणसाला बांधलेले असते की वास्तूला, हा त्या इतिहासातील मूळ वाद होय.

सदनिका पट्ट्यानेच का विकल्या जातात, हे प्रथम पाहिले पाहिजे. पूर्ण मालकीच्या जमिनीबाबत दिलेले होकारार्थी वचन, म्हणजे काही करण्याचे किंवा खर्च सोसण्याचे वचन, पुढील खरेदीदारास बांधत नाही, हे तत्त्व १८८५ साली ऑस्टरबेरी विरुद्ध ओल्डहॅम कॉर्पोरेशन या खटल्यात मांडले गेले. ऱ्होन विरुद्ध स्टीफन्स या खटल्यात वाद नेमका छप्पर दुरुस्त ठेवण्याच्या वचनाचा होता. तेथेही १९९४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तेच तत्त्व कायम केले. एकाच्या डोक्यावर दुसरा राहतो अशा इमारतीत हे तत्त्व गैरसोयीचे ठरणार हे उघड आहे. पट्ट्यातील वचन मात्र पुढील धारकासही लागू होते. म्हणून बहुमजली घरांचा व्यवहार पट्ट्याच्या आश्रयास गेला.

पट्ट्याला हे सामर्थ्य टप्प्याटप्प्याने आले. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केल्यावर त्यांच्या जमिनी नव्या मालकांच्या हाती गेल्या. जुन्या पट्ट्यांतील वचने त्यांना वसूल करता यावीत म्हणून १५४० साली पार्लमेंटने कायदा केला. पट्टेदाराच्या बाजूचा प्रश्न १५८३ सालच्या स्पेन्सरच्या खटल्यात आला. २१ वर्षांच्या एका पट्ट्यात मूळ पट्टेदाराने विटांची भिंत बांधण्याचे वचन दिले होते. पट्टा दोन वेळा हस्तांतरित झाला आणि दावा अखेरच्या धारकावर गुदरला. भिंत पट्ट्याच्या वेळी अस्तित्वात नव्हती व वचनात हस्तांतरितांचा उल्लेख नव्हता, म्हणून तो सुटला. परंतु जे वचन जमिनीला ‘स्पर्श करते’ ते जमिनीबरोबर पुढे जाते, हे सूत्र या निर्णयाने रूढ केले.

याच सुमारास, १५८७ सालच्या वॉकरच्या खटल्यात, दुसरी बाजूही स्पष्ट झाली: पट्टा दुसऱ्यास दिला एवढ्यानेच मूळ पट्टेदार भाड्यातून सुटत नाही. पुढे न्यायालयांनी असेही ठरविले की, स्पष्ट शब्दांत वचन दिले असल्यास जमीनमालकाने नव्या धारकाकडून भाडे स्वीकारल्यावरही ते वचन टिकते. अशा रीतीने दोन नाती शेजारी शेजारी उभी राहिली. एक करारनिष्ठ, ते मूळ पक्षांना पट्ट्याच्या अखेरपर्यंत बांधते. दुसरे पट्टानिष्ठ, ते ज्याच्या हाती पट्टा असेल त्याला, तो हाती असेपर्यंतच, बांधते. दोन्हींसाठी इंग्रजी विधिभाषा ‘प्रिव्हिटी’ हा एकच शब्द वापरते. लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेल्या या शब्दाचा मूळ भाव खाजगी जवळीक असा आहे. शब्द एक असल्याने दोन्ही बंधने एकाच जातीची भासतात. पण एकाचा आधार दिलेला शब्द आहे, तर दुसऱ्याचा आधार हाती असलेली वस्तू.

या रचनेचा जाच मूळ पट्टेदारास होई. पट्टा हस्तांतरित करताना तो खरेदीदाराकडून भरपाईची हमी घेई. १९२५ च्या मालमत्ता कायद्याने ती हमी गृहीत धरली. त्यापूर्वी, १८७२ साली, मूल विरुद्ध गॅरेट या खटल्यात मूळ पट्टेदारास कसूर करणाऱ्या धारकाकडून रक्कम परत मिळविण्याचा हक्क मान्य झाला होता. परंतु दिवाळखोराविरुद्ध असा हक्क असून नसल्यासारखाच. १९९० नंतरच्या मंदीत अनेक व्यापारी भाडेकरू बुडाले, आणि वर्षांपूर्वी दुकान वा कचेरी सोडून गेलेल्यांना परक्याच्या थकबाकीच्या नोटिसा येऊ लागल्या. विधि आयोगाने १९८८ सालीच सुधारणा सुचविली होती. तिला अखेर १९९५ च्या जमीनमालक व भाडेकरू (वचने) कायद्याने मूर्त रूप दिले. १ जानेवारी १९९६ पासून केलेल्या नव्या पट्ट्यांत, विधियुक्त हस्तांतरणाबरोबर पट्टेदार पुढील वचनांतून मुक्त होतो. हस्तांतरणास जमीनमालकाची संमती लागत असेल तर लगतच्या खरेदीदारापुरती हमी मागता येते. तिची मजल त्यापुढे जात नाही.

सेवाशुल्काचा प्रश्न भाड्याहून अवघड आहे. भाड्याची रक्कम व तारीख ठरलेली असते. सेवाशुल्कात खर्च होतो एका दिवशी, हिशेब पुरा होतो दुसऱ्या दिवशी, मागणी येते तिसऱ्या दिवशी. सदनिकेची विक्री यांपैकी कोणत्याही दोहोंच्या मध्ये पडू शकते. समजा, नव्या पट्ट्याची सदनिका जूनमध्ये विकली गेली आणि वर्षभराच्या खर्चातील तूट पुढील वसंत ऋतूत मागितली गेली. पट्ट्यानुसार ही रक्कम मागणीनंतरच देय होत असेल, तर जमीनमालकाचा ऋणको नवा धारक होय, मग निम्मा खर्च विक्रेत्याच्या काळातला का असेना. विक्रेत्याचा वाटा हा त्या दोघांमधील विक्रीकराराचा विषय ठरतो. म्हणूनच वकील रकमेची वाटणी करतात व काही पैसे अंतिम हिशेबापर्यंत राखून ठेवतात. याउलट विक्रीपूर्वीच देय झालेली थकबाकी विक्रेत्याचीच राहते: १९९५ चा कायदा पूर्वीच्या देण्यातून कोणास सोडवीत नाही, व ते खरेदीदाराच्या अंगावर वैयक्तिक ऋण म्हणून टाकीतही नाही. सारांश, कोण राहत होता यापेक्षा रक्कम केव्हा देय झाली यास महत्त्व आहे.

१९९६ पूर्वीच्या पट्ट्यांना मात्र ही मुक्ती मिळाली नाही. त्यांतील मूळ पट्टेदार, आणि जमीनमालकास थेट वचन दिलेला नंतरचा धारकही, अद्याप तत्त्वतः बांधलेला आहे. त्याच्या रक्षणासाठी कलम १७ आहे: रक्कम देय झाल्यापासून ६ महिन्यांत जमीनमालकाने विहित नोटीस दिली नाही, तर त्या भाड्याची वा सेवाशुल्काची वसुली माजी पट्टेदाराकडून होत नाही. १९८५ च्या कायद्याचे संरक्षण याहून वेगळे आहे: खर्च वाजवी असला पाहिजे, आणि तो होऊन १८ महिने उलटेपर्यंत मागणी किंवा लेखी सूचना आली नाही तर तो वसूल होत नाही.

या इतिहासाचा एक धागा भारतातही आला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ सांगते की केवळ हस्तांतरणामुळे पट्टेदार पट्ट्याच्या दायित्वांतून मुक्त होत नाही. वॉकरच्या खटल्यातील विचारच तो. महाराष्ट्राच्या १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याने मात्र निराळा मार्ग घेतला: सामायिक खर्चाच्या जुन्या थकबाकीस विक्रेता व खरेदीदार दोघेही संयुक्तपणे जबाबदार. इंग्लंडने दोघांमध्ये रेषा आखली, महाराष्ट्राने दोघांना एकत्र बांधले.

१९९५ च्या सुधारणेने वचनाचा आधार शब्दाकडून वस्तूकडे हलविला, परंतु पूर्वीच्या शब्दांना हात लावला नाही. १९९० साली ९९ वर्षांसाठी दिलेला पट्टा, मध्यंतरी नवा न झाल्यास, २०८९ पर्यंत चालेल. तोपर्यंत एकाच जिन्यावरील समोरासमोरच्या दोन दारांआड दोन निरनिराळ्या शतकांचे कायदे नांदतील. आणि घर विकून गेलेल्या मनुष्याला आपण खरोखर मोकळे झालो किंवा नाही, हे कळण्यासाठी प्रथम आपल्या पट्ट्यावरील तारीख वाचावी लागेल.