दंतहर्ष : राखुंडी, मिश्री आणि सोरा

थंड पाण्याचा घोट, आंबट फळाची फोड किंवा नुसता वाऱ्याचा झोत लागताच दातातून तीव्र कळ जाणे आणि कारण दूर होताच ती थांबणे, या विकाराला आयुर्वेदात दंतहर्ष अशी संज्ञा आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात दातांचे जे ८ रोग मोजले आहेत, त्यांत तो कृमिदंतापासून, म्हणजे किडलेल्या दातापासून, वेगळा ठेवला असून त्याचे मूळ वातदोषात सांगितले आहे. थंड, उष्ण आणि स्पर्श दातांना न सोसणे हे त्याचे लक्षण होय. वाग्भटाने अष्टांगहृदयात जोराचा वारा आणि आंबट पदार्थ यांचाही उल्लेख केला आहे. आजचा दंतवैद्य याच विकाराची परीक्षा करताना दातावर हवेचा बारीक झोत सोडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे वातदोषाची उपपत्ती मान्य नसणाऱ्यालाही त्या निरीक्षणाचा नेमकेपणा मान्य करावा लागतो.

सुश्रुताने सांगितलेले उपचार सौम्य आहेत : कोमट तुपाचे किंवा तेलाचे कवल, म्हणजे तोंडात घोळवायच्या चुळा, वातशामक काढे, आणि आहारात दूध, साय व तूप. त्याहून लक्षणीय आहे ते पथ्य. दंतरोग्याने आंबट फळे, थंड पाणी, रूक्ष अन्न आणि अतिकठीण पदार्थ वर्ज्य करावेत, एवढेच सांगून संहिता थांबत नाही, तर दंतधावनही, म्हणजे काडीने दात घासणेही, वर्ज्य सांगते. ज्या परंपरेने दंतधावन हे रोजच्या दिनचर्येचे अंग मानले, तिनेच दुखऱ्या दाताला त्यातून सूट दिली. घासण्याने दुखणे वाढते हे वैद्यांच्या नजरेस आले असावे.

महाराष्ट्रातील घरोघरची रीत मात्र या पथ्याच्या उलट दिशेने गेलेली दिसते. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी चावून तिचा कुंचा करण्याची पद्धत होतीच, पण चुलीपाशी विनामूल्य मिळणारी राखुंडी, म्हणजे गोवऱ्यांच्या राखेची किंवा कोळशाची बारीक पूड, अधिक सोयीची होती. भातशेतीच्या मुलखात भाताच्या तुसाची राख मिठासह वापरली जाई. तुसाच्या राखेत सिलिकेचे प्रमाण मोठे असते आणि सिलिका हा वाळूचाच घटक आहे. अशी पूड बोटाने आडवी आणि जोर लावून रोज फिरवली, की हिरडीलगतच्या भागावर, जिथे दाताचे कठीण कवच सर्वांत पातळ असते, हळूहळू पाचरीसारखी खाच पडते आणि आतले दंतिन, म्हणजे कवचाखालचा मऊ, सजीव थर, उघडे पडते. दात पांढरे दिसत, म्हणून राखुंडीवर कोणी संशय घेतला नाही. पुढे शहरांत डब्यांतून विकली जाणारी दंतमंजने आली, १९५२ मध्ये केशव विष्णू पेंढरकर यांनी मुंबईत विको हा उद्योग सुरू करून वनस्पतिजन्य दंतमंजन बाजारात आणले, आणि चुलीतली राख मागे पडत गेली. पण पूड बोटाने घासण्याची सवय बराच काळ टिकून राहिली.

मिश्रीची कथा याहून गंभीर आहे. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजून, कुटून केलेली ही पूड प्रामुख्याने स्त्रिया दात घासण्यासाठी वापरत, आणि अनेकींच्या हाती ती प्रथम दातदुखीवरचा उतारा म्हणूनच आली. निकोटिनामुळे लागणारी तलफ पुढे दिवसातून अनेकदा मिश्री लावायला भाग पाडी. तंबाखूने हिरड्या मागे सरकतात, दातांची मुळे उघडी पडतात, तोंडात पांढरे चट्टे उमटतात, आणि कर्करोगाचा धोका वाढतो. कळ थांबवण्यासाठी घेतलेली वस्तूच कळ निर्माण करत होती, आणि हे चक्र घरातल्या मोठ्यांच्या सल्ल्याने चालू राहिले. लवंगेचे तेल त्या मानाने निरुपद्रवी म्हणावे लागेल. त्यातील युजेनॉल काही काळ बधिरता आणते, उघडे दंतिन मात्र तसेच राहते.

दंतिन उघडे पडल्यावर कळ का येते, याचा उलगडा युरोपातही फार उशिरा झाला. डच सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ लेव्हेनहूकने सतराव्या शतकात सूक्ष्मदर्शकाखाली दातातील नलिका पाहिल्या होत्या. त्या इतक्या बारीक आणि दाट असतात, की १ चौरस मिलिमीटरमध्ये त्यांची संख्या हजारोंनी भरते. नलिकांतील द्रवाच्या हालचालीने वेदना होत असावी, हा विचार स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड गिझी यांनी १९०० च्या सुमारास मांडला, आणि १९६० च्या दशकात स्वीडनचे मार्टिन ब्रेनस्ट्रॉम यांनी प्रयोगांनी त्याला आधार दिला : थंडी, हवा किंवा गोड पदार्थ नलिकांतला द्रव सरकवतात आणि आतील मज्जातंतू उद्दीपित होतात.

उपचार या सिद्धान्ताची वाट पाहत थांबले नव्हते. दंतवैद्य पूर्वीपासून सिल्व्हर नायट्रेट लावत, ज्याने नलिकांतली प्रथिने साकळत, पण दात काळे पडत. म्हणूनच अमेरिकी दंतवैद्य लुई ग्रॉसमन यांनी १९३५ मध्ये आदर्श औषधाच्या अटी सांगताना दातांवर डाग न पडणे हीही एक अट घातली. १९६१ मध्ये अमेरिकेत सेन्सोडाइन ही स्ट्रॉन्शियम क्लोराइडयुक्त टूथपेस्ट आली, आणि १९७४ मध्ये दंतवैद्य मिल्टन होडॉश यांनी पोटॅशियम नायट्रेटची शिफारस केली. हा पदार्थ म्हणजे आपला सोरा, ज्याच्यासाठी युरोपीय कंपन्यांनी बंदुकीच्या दारूपायी बिहारमध्ये वखारी चालवल्या. यांपैकी स्ट्रॉन्शियम नलिकांची तोंडे बुजवते असे मानले जाते, तर सोऱ्यातील पोटॅशियम मज्जातंतूचे उद्दीपन शमवते. सोऱ्याचा गुण यायला काही आठवडे नेमाने वापर करावा लागतो, आणि घासण्याने पडलेली खाच खोल असेल तर पेस्ट पुरत नाही, खाच दंतवैद्याकडून भरूनच घ्यावी लागते.