शिट्टीविना मैदान : कर्णबधिरांच्या क्रीडा चळवळीचा उगम

कर्णबधिरांचे खेळ हा विषय अभ्यासग्रंथांत बहुधा पुनर्वसनाच्या प्रकरणात येतो आणि खेळामुळे अपंग व्यक्तीचा आत्मविश्वास वाढतो, एवढे सांगून तेथेच संपतो. या चळवळीचा प्रत्यक्ष इतिहास मात्र वेगळ्या दिशेने गेलेला आहे. आत्मसन्मान, म्हणजे माणूस स्वतःच्या मनात स्वतःची जी किंमत धरून असतो ती, कर्णबधिरांना धावण्या-पोहण्यातून मिळाला हे खरेच. परंतु त्याहून अधिक तो स्वतःची स्पर्धा स्वतः भरवण्यातून, स्वतःचे नियम स्वतः लिहिण्यातून मिळाला, असे या इतिहासाकडे बारकाईने पाहिल्यास दिसते.

या घडामोडीची पार्श्वभूमी एकोणिसाव्या शतकातील शिक्षणाच्या वादात आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आबे द लेपे या धर्मगुरूने पॅरिसमध्ये कर्णबधिरांसाठी शाळा काढली आणि हातांच्या खुणांच्या आधारे शिक्षण देण्याची पद्धत रूढ केली. त्याच्या जयंतीनिमित्त १८३४ पासून पॅरिसमधील कर्णबधिर मंडळी दरवर्षी मेजवानीसाठी एकत्र येऊ लागली, त्या मेजवान्यांत खुणांच्या भाषेत भाषणे होऊ लागली आणि संघटित होण्याची सवय या समाजाला तेथून लागली. पुढे १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मौखिक पद्धतीचा, म्हणजे ओठांच्या हालचाली वाचून व आवाज काढण्याचा सराव करून शिकण्याच्या पद्धतीचा, पुरस्कार केला आणि खुणांची भाषा वर्गातून हद्दपार करण्याचा मार्ग मोकळा झाला. या परिषदेच्या १६४ प्रतिनिधींपैकी कर्णबधिर प्रतिनिधी केवळ एक होता. ज्यांच्या आयुष्याचा निर्णय होत होता त्यांना त्या निर्णयात जवळजवळ काहीही स्थान नव्हते. ज्या दशकात मुंबईत माझगाव येथे बिशप म्यूरिन यांच्या पुढाकाराने भारतातील पहिली कर्णबधिर शाळा सुरू झाली, ते दशक युरोपात मौखिक पद्धतीच्या सरशीचे होते.

वर्गात ज्या भाषेला बंदी झाली ती वसतिगृहाच्या खोल्यांत आणि खेळाच्या मैदानावर टिकून राहिली. ग्लासगोमध्ये १८७१ साली कर्णबधिरांचा फुटबॉल क्लब निघाला होता, बर्लिनमध्ये १८८८ साली क्रीडामंडळ स्थापन झाले, आणि शाळा सुटल्यावर एकमेकांपासून दुरावणाऱ्या तरुणांना अशा मंडळांत आपली भाषा बोलणारी माणसे पुन्हा भेटू लागली. ऐकू येणाऱ्यांच्या संघात खेळणाऱ्या कर्णबधिर खेळाडूच्या वाट्याला काय येते, याचा विचार केल्यावर या मंडळांचे मोल कळते. शिट्टी वाजून गेल्यावरही तो धावत राहतो, प्रशिक्षकाची आरोळी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि सामना संपल्यावर ज्या गप्पांतून संघ खऱ्या अर्थाने संघ बनतो त्या गप्पांत त्याला कोणी घेत नाही. अंगात कौशल्य असूनही त्याला पदोपदी आपल्यात काही कमी असल्याची जाणीव करून दिली जाते. कर्णबधिरांच्या मंडळात ही जाणीव उद्भवण्याचे कारणच उरत नाही.

फ्रान्समध्ये या मंडळांना एका सूत्रात बांधण्याचे काम यूजेन रुबेन्स-अल्के या कर्णबधिर सायकलपटूने केले. १९१८ साली तेथे कर्णबधिरांचा राष्ट्रीय क्रीडा महासंघ उभा राहिला, आणि बेल्जियमचा आंत्वान द्रेस हा तरुण कर्णबधिर टेनिसपटू सोबतीला आल्यावर रुबेन्स-अल्केने आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा घाट घातला. पॅरिसचे ऑलिंपिक २७ जुलै १९२४ रोजी संपले आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १० ऑगस्टला, त्याच शहरातील पर्शिंग स्टेडियमवर 'आंतरराष्ट्रीय मूक क्रीडास्पर्धा' सुरू झाल्या. नऊ देशांचे १४८ खेळाडू आले, त्यांत स्त्री एकच होती. धावणे, सायकल, पोहणे, सूर मारणे, फुटबॉल, नेमबाजी आणि टेनिस हे खेळ होते. स्पर्धा चालू असतानाच, १६ ऑगस्टला, प्रतिनिधींनी एका कॅफेत बसून आंतरराष्ट्रीय संघटनेची स्थापना केली, रुबेन्स-अल्केला अध्यक्ष आणि द्रेसला सरचिटणीस निवडले, आणि 'खेळांतून समता' या आशयाचे लॅटिन ब्रीद पुढे या संघटनेने धारण केले. मिलानच्या परिषदेनंतर चव्वेचाळीस वर्षांनी कर्णबधिरांच्या आंतरराष्ट्रीय बैठकीत निर्णय घेणारे सारे स्वतः कर्णबधिर होते, ही या आठवड्याची सर्वांत मोठी घटना मानली पाहिजे; पदकांचा हिशेब तिच्यापुढे दुय्यम ठरतो.

अपंगांच्या दुसऱ्या क्रीडा चळवळीशी तुलना केली असता या चळवळीचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. पॅरालिम्पिकचा उगम १९४८ साली इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात, लुडविग गुटमान या डॉक्टरांच्या उपचारपद्धतीतून झाला. त्या कार्याची थोरवी निर्विवाद आहे, पण तेथे खेळाडू आधी रुग्ण होता आणि खेळ हा औषधाचा भाग होता. पॅरिसच्या मैदानावर डॉक्टरांचे काहीच काम नव्हते.

कर्णबधिरांच्या पुढील स्पर्धा अ‍ॅमस्टरडॅम, न्यूरेंबर्ग, लंडन व स्टॉकहोम येथे झाल्या. न्यूरेंबर्गची स्पर्धा १९३१ सालची. तिला दोन वर्षे होतात न होतात तोच, जुलै १९३३ मध्ये, नाझी सरकारने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला आणि त्याच्या यादीत आनुवंशिक बहिरेपण घातले. ज्या देशाने या खेळाडूंचे यजमानपद भूषवले होते, त्यानेच त्यांच्यासारख्यांना वंश पुढे चालवण्यास अपात्र ठरवावे, याहून दारुण गोष्ट या इतिहासात दुसरी नाही. स्टॉकहोमची स्पर्धा ऑगस्ट १९३९च्या अखेरीस आटोपली आणि काही दिवसांतच महायुद्ध पेटले. युद्धानंतर १९४९ साली कोपनहेगनला स्पर्धा पुन्हा भरल्या, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९५०च्या दशकात संघटनेला मान्यता दिली.

समान पातळीवर खेळण्याची व्यवस्था या स्पर्धांच्या नियमांत बारकाईने बांधलेली आहे. ज्या कानाने अधिक ऐकू येते त्या कानात किमान ५५ डेसिबलची, म्हणजे साधे संभाषण ऐकण्यास अडचण येईल इतकी, श्रवणहानी असलेला खेळाडूच पात्र ठरतो, आणि स्पर्धेच्या वेळी श्रवणयंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लांटचा बाह्य भाग काढून ठेवावा लागतो. पिस्तुलाच्या आवाजाऐवजी धावपटूसमोर जमिनीवर बसवलेला दिवा रंग बदलतो. फुटबॉलमध्ये पंच हातातला झेंडा उंच करून खेळ थांबवतो.

१९८९ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीत कर्णबधिरांची ही संघटना आरंभी सामील होती, परंतु १९९५ साली ती बाहेर पडली. मोठ्या छत्राखाली सोयी अधिक होत्या, तरीही आपल्या स्पर्धेचा कारभार आपल्या भाषेत चालवण्याचे स्वातंत्र्य गमावणे तिला परवडणारे नव्हते. २००१ पासून स्पर्धांना 'डेफलिंपिक्स' हे नाव मिळाले.

पॅरालिम्पिक समितीतून बाहेर पडण्याच्या निर्णयाची किंमत भारतीय खेळाडूंनीही मोजली आहे. भारताचा सहभाग १९६५च्या वॉशिंग्टन स्पर्धेपासूनचा. हरियाणातील सासरोली गावचा मल्ल वीरेंदर सिंग याने तीन डेफलिंपिक सुवर्णपदके जिंकली, २०२२ साली ब्राझीलमध्ये भारताने आठ सुवर्णांसह सोळा पदके मिळवली. तरी शासकीय बक्षिसे आणि नोकऱ्यांच्या धोरणांत पॅरालिम्पिकचे स्थान पक्के होत असताना डेफलिंपिक्सचे खेळाडू मागे राहिले. २०२१ साली पद्मश्री स्वीकारल्यानंतर वीरेंदर सिंग पदके घेऊन दिल्लीतील हरियाणा भवनाबाहेर पदपथावर बसला. पॅरा खेळाडूंना जे हक्क मिळतात तेच कर्णबधिर खेळाडूंना मिळावेत, ही त्याची मागणी होती. आणि वेगळी संघटना चालवण्याचा हक्क व समान मोबदल्याचा हक्क यांपैकी एकच निवडा, असे त्याला सांगण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही.