15 वर्षे झालेला ट्रक भंगारात काढावाच लागतो का?

राष्ट्रीय महामार्ग 53 वरच्या नांदुऱ्यात (जि. बुलढाणा) जुना ट्रक बाळगणाऱ्या मालकाला हा प्रश्न पडतोच. उत्तर आहे: नाही. दिल्ली परिसराचे नियम वेगळे आहेत. इतरत्र खासगी मालकीचा ट्रक फिटनेस चाचणीत पास होतो तोवर चालवता येतो.

खर्च मात्र वाढतो. फिटनेस 8 वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी करावे लागते. महाराष्ट्रात 8 वर्षांनंतर पर्यावरण करही भरावा लागतो. 15 वर्षांपुढील अवजड ट्रकसाठी फिटनेस फी एप्रिल 2022 मध्ये 12,500 रुपये झाली होती.

तरी जुना का ठेवतात? हप्ता नसतो आणि साध्या पंपाचे इंजिन हायवेवरचा मिस्त्रीही खोलतो. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 ट्रकमध्ये सेन्सर बिघडला तर स्कॅनर लागतो.

हिशेब सोपा आहे. वर्षाची दुरुस्ती, फी, कर आणि गाडी उभी राहून बुडालेले भाडे यांची बेरीज करा. ती नव्या ट्रकच्या बारा हप्त्यांच्या जवळ पोहोचली, की जुना ठेवण्यात फायदा उरत नाही. ब्रेक, स्टिअरिंग आणि चेसिस यांत मात्र काटकसर नको. ट्रक मोडीत काढायचाच असेल तर अधिकृत स्क्रॅप केंद्रात द्या; तिथल्या प्रमाणपत्रावर नव्या वाहनाच्या करात सवलत मिळते.