पिटातल्या प्रेक्षकाची कैफियत

चित्रपटाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी निर्मात्यांची, नटनट्यांची आणि यंत्रांची चरित्रे पुष्कळ लिहिली. परंतु कनवटीचे चार पैसे काढून तिकीट घेणाऱ्या, दोन-तीन तास अंधारात बसणाऱ्या आणि बाहेर पडताना 'पैसे वसूल' किंवा 'पैसे पाण्यात' एवढ्या दोन शब्दांत निकाल देऊन घरची वाट धरणाऱ्या सामान्य प्रेक्षकाची कैफियत त्यांनी क्वचितच नोंदवली. याचे कारण उघड आहे. या माणसाने स्वतः काही लिहून ठेवले नाही. त्याचे मत दप्तरात सापडत नाही. सापडलेच तर ते तिकिटांच्या दरपत्रकात, पोलिसांच्या बंदोबस्तात, परिनिरीक्षकांच्या कात्रीत आणि अमुक चित्रपट अमुक थिएटरात किती आठवडे टिकला या हिशेबात सापडते. या आडवाटेने शोध घेत गेले म्हणजे असे दिसून येते की, चित्रपटाविषयीचे मत ही प्रारंभी पुष्कळ वर्षे कोणा एकाची मालमत्ता नव्हतीच. ते प्रेक्षागृहात, दहाजणांच्या देखत, दहाजणांच्या साहाय्याने तयार होत असे, आणि घरी एकट्याने बसून आवडनिवड ठरवण्याची चाल ही फार अलीकडची आहे.

7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखवण्यात आली, तेव्हा प्रवेशमूल्य सरसकट एक रुपया होते. म्हणजे मजूर, कारकून आणि किरकोळ दुकानदार यांना अभिप्राय देण्याचा अधिकार मुळातच नव्हता. पण अवघ्या आठवडाभरात हेच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दरांची उतरंड लागली, पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळ्या बैठकी राखण्यात आल्या. ही उतरंड मी फार महत्त्वाची मानतो. पुढल्या अर्धशतकात 'पिटातले लोक' म्हणून ज्यांचा उल्लेख नाक मुरडून होत राहिला, आणि ज्यांच्या टाळ्याशिट्ट्यांवर धंद्याची सारी भिस्त राहिली, त्यांना दाराच्या आत घेणारी सनद म्हणजे हे चार आणे होत.

मराठी प्रेक्षक सिनेमाला आला तो काही कोऱ्या पाटीने आला नव्हता. संगीत नाटकांनी त्याला हुकूम सोडण्याची सवय लावून ठेवली होती. पद आवडले की 'वन्समोअर'ची आरोळी उठे आणि राजा असो, ऋषी असो, प्रसंग मरणाचा असो, नटाला पुन्हा गावे लागे. पडद्यावरचे चित्र मात्र कोणाच्या आरोळीला बधत नाही. त्या चित्राला वन्समोअर देण्याचा एकच मार्ग उरला, तो म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढणे. आणि रसिकतेचे जे माप पूर्वी कंठरवाने होई ते आता गल्ल्याने होऊ लागले. नाटकमंडळीचा मालक रसिकांची वाहवा कानांनी ऐकत असे; सिनेमाचा मालक ती मोजू लागला.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी गिरगावातील कॉरोनेशन थिएटरात लागला आणि 23 दिवस चालला, ही गोष्ट त्या काळी अपूर्व होती, कारण तोवर चित्रांचे कार्यक्रम तीन-चार दिवसांत पालटण्याचा शिरस्ता होता. मूकपटाच्या त्या दिवसांत प्रेक्षागृह मात्र मुळीच मूक नसे. पडद्यावर मजकुराच्या पाट्या येत, आणि ज्याला अक्षरओळख असे तो त्या मोठ्याने वाचून दाखवी. शेजारचा त्याच्यावर आपली पुस्ती जोडी. पुराण ठाऊक असलेली एखादी म्हातारी पुढे काय होणार हे आधीच सांगून टाकी. शिवाय पेटी आणि तबला यांचे वादन चालूच. सिनेमा पाहणे आणि सिनेमाविषयी बोलणे या दोन क्रिया पृथक् झालेल्याच नव्हत्या.

1917 सालच्या 'लंकादहना'त अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. आजच्या परीक्षकाने या एका मुद्द्यावर दोन रकाने लिहिले असते. त्या वेळच्या प्रेक्षकाला त्यात हरकत घेण्यासारखे काही वाटले नाही. पडद्यावर प्रभू रामचंद्र अवतरताच लोकांनी पादत्राणे काढून हात जोडले, आणि जमलेल्या नाण्यांच्या थैल्या बैलगाडीतून न्याव्या लागल्या अशी कथा पुढे सांगितली जात राहिली. थैल्यांच्या कथेत अतिशयोक्ती असेल; परंतु पादत्राणे काढणे हाही एक अभिप्रायच आहे, आणि अभिनय, छायाचित्रण, पटकथा अशा खणांत तो बसत नाही म्हणून त्याला अडाणी म्हणणे मला अप्रशस्त वाटते.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांना या प्रेक्षकाचा दोन्ही हातांनी अनुभव आला. 1920 साली त्यांच्या 'सैरंध्री'तील कीचकवधाचा प्रसंग इतका हुबेहूब उतरला की प्रेक्षक भयाने किंचाळू लागले आणि त्या दृश्याला अखेर कात्री लागली. त्यानंतर पाचच वर्षांनी याच कलावंताने हरि नारायण आपट्यांच्या कथेवरून 'सावकारी पाश' काढला. कर्जात बुडालेला शेतकरी, खोटे कागद करणारा सावकार, हातची जमीन जाणे आणि पोटासाठी शहराची वाट धरणे, या साऱ्याचे इतके सच्चे चित्रण भारतीय पडद्यावर तोवर झालेले नव्हते. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. जाणत्यांनी त्याचा गौरव केला, पण देवदेवता आणि तलवारबहाद्दर यांना सरावलेल्या लोकांनी त्याकडे पाठ फिरवली. ज्याच्या घरात सावकाराचा तगादा रोज दारात उभा असतो, त्याने आणे मोजून तोच तगादा अंधारात बसून पुन्हा का पाहावा? इतिहासाने पेंटरांच्या बाजूने कौल दिला हे खरे. परंतु त्या प्रेक्षकाचा कौल मूर्खपणाचा होता असे मला आजही म्हणवत नाही.

शहराबाहेर सिनेमा तंबूतून हिंडत होता. पीक हाती आले आणि जत्रांचा हंगाम सुरू झाला की फिरत्या सिनेमावाल्यांच्या गाड्या गावोगाव निघत. 1918 च्या कायद्याने प्रदर्शनाला परवाना आवश्यक झाला होता, 1923 पासून मुंबई इलाख्यात करमणूक कर बसला होता, आणि या दोन्ही निमित्तांनी कचेरीतल्या मंडळींना पुढल्या रांगेतल्या फुकट खुर्च्यांचा हक्क आपोआपच प्राप्त होत असे. बाकीचे गाव जमिनीवर बसे. मध्ये दोरी किंवा कनात, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायकापोरे. यंत्र बहुधा एकच असल्यामुळे रीळ संपले की दिवा लागे आणि दुसरे रीळ चढेपर्यंत तंबूत कोलाहल माजे. माझ्या मते ग्रामीण महाराष्ट्रातील चित्रपटसमीक्षेचे मूळ पीठ हे रीळ बदलण्याचे अंतर होय. खलनायकाला शिव्या, नायिकेविषयी हळहळ, पुढल्या भागाविषयी पैजा, सारे काही त्या मिनिटांत उरकून घेतले जाई, आणि दिवा मालवला की न्यायासन पुन्हा प्रेक्षक होऊन बसे. फिल्म तुटली तर मात्र यंत्रचालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार होई.

अशा या जनसमुदायाच्या मनावर सिनेमाचा काय परिणाम होतो याची सरकारला चिंता लागली, ती 1927 साली. चिंतेचे कारण लोकहित हे वरवरचे. आतले कारण असे की 1926-27 मध्ये या देशात दाखवल्या जाणाऱ्या कथापटांत देशी पट सुमारे 15 टक्केच होते, उरलेल्यांत अमेरिकेचा वरचष्मा होता, आणि त्या अमेरिकन पटांतील चुंबनालिंगने पाहून गोऱ्या मडमांविषयीचा नेटिवांचा आदर घटेल, तसेच इंग्रजी पटांची बाजारपेठ बुडेल, असे दुहेरी भय राज्यकर्त्यांना वाटत होते. मद्रासचे वकील दिवाणबहादुर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने 4,325 प्रश्नावल्या धाडल्या, देशभर प्रवास केला आणि 353 साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या. फाळक्यांनीही तिच्यापुढे साक्ष दिली. महात्मा गांधींना प्रश्नावली गेली तेव्हा त्यांनी कळवले की आपण सिनेमाला कधी गेलोच नाही, तथापि त्याने केलेले अनिष्ट तर बाहेरच्या माणसालाही दिसते. न पाहता मत देण्याची परंपरा आपल्याकडे किती थोर आश्रयाने सुरू झाली, हे यावरून ध्यानात यावे.

त्या साक्षींविषयी खेदाची गोष्ट निराळीच आहे. अधिकारी बोलले, शिक्षक बोलले, मिशनरी बोलले, थिएटरांचे मालक बोलले. आणि यांतील पुष्कळांनी 'खालच्या वर्गाला' काय आवडते व त्याने तो वर्ग कसा बिघडतो, याविषयी अधिकारवाणीने सांगितले. खुद्द तो खालचा वर्ग त्या सायंकाळी कोठे तरी रांगेत उभा असणार. आपल्या स्वतःच्या चित्ताला सिनेमाने काही अपाय झाला असे म्हणणारा साक्षीदार विरळा. बिघडणारा तो नेहमी दुसरा, स्वस्त तिकिटाचा. समितीने मात्र धीटपणाने, सिनेमाने समाज बिघडल्याचा आरोप अमान्य केला, साम्राज्यातील पटांना खास सवलत देण्याची कल्पना नाकारली आणि देशी धंद्याला साहाय्य करावे अशी शिफारस केली. 1928 चा तो अहवाल सरकारने दप्तरात नीट बांधून ठेवला.

14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' हा बोलपट लागला, चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेले आणि गर्दी आवरण्यास पोलीस आणावे लागले. चित्र बोलू लागले तशी पाट्या वाचणाऱ्यांची सद्दी संपली आणि गप्प बसण्याचा शिष्टाचार हळूहळू मूळ धरू लागला. पिटातल्या मंडळींनी तो कधीच पुरता मानला नाही, ही समाधानाची गोष्ट. लोकप्रियतेचे गणित कोणालाच सुटत नाही याचा प्रत्यय प्रभात कंपनीला लागोपाठ आला. ज्यांच्या गाण्यावर आणि स्त्रीवेषावर महाराष्ट्र वेडा झाला होता, त्या बालगंधर्वांना 1935 साली 'धर्मात्मा'त एकनाथांच्या भूमिकेत आणले. चित्राचे मूळ नाव 'महात्मा', ते परिनिरीक्षकांना गांधींमुळे खुपले म्हणून बदलावे लागले. एवढा खटाटोप होऊनही लोकांचे मन रमले नाही. त्यांना बालगंधर्व हवे होते ते शालू नेसलेले. पुढल्याच वर्षी विष्णुपंत पागनीसांना घेऊन 'संत तुकाराम' काढला आणि तो मुंबईच्या सेंट्रल थिएटरात वर्षाहून अधिक काळ हलला नाही. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात परीक्षकांनीही त्याची वाखाणणी केली. पंडित आणि पिटातला माणूस यांचे मत एक झाल्याचे असे दाखले फार थोडे. 1959 च्या 'सांगत्ये ऐका'ची गोष्ट वेगळी. तमाशापट म्हणून प्रतिष्ठितांनी त्याला दूर लोटले तरी पुण्याच्या विजयानंदमध्ये तो 131 आठवडे चालला, आणि त्या प्रतिष्ठितांपैकी कित्येक जण मागल्या दाराने जाऊन तो पाहून आले असावेत असा माझा तर्क आहे.

मधल्या काळात प्रेक्षकाला लेखणीही सापडली. 1935 मध्ये बाबूराव पटेलांनी 'फिल्मइंडिया' सुरू केले आणि त्यातील वाचकांच्या प्रश्नांना ते जी तिखट उत्तरे देत, ती वाचण्यासाठीच पुष्कळ लोक ते मासिक घेत. प्रश्न विचारणारा वाचक आता नावागावानिशी छापला जाऊ लागला.

2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, वर्षभरात सिंहगडावरच्या केंद्रामुळे ते पुण्यात पोहोचले, आणि पिटाची उतरंड एकाएकी मोडली. चाळीत ज्याच्या घरी संच, त्याच्या घरी सारी आळी; शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट जमिनीवर बसून पाहायचा, बातम्या लागल्या की पाणी पिऊन यायचे. यजमानाने कंटाळून दिवा मालवला तरच सभा बरखास्त. 'चिमणराव' ही मालिका आली तेव्हा चिं. वि. जोशींची पुस्तके पाठ असलेल्यांनी दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ यांना मनातल्या मूर्तींशी ताडून पाहिले आणि, क्वचितच घडते तसे, पसंतीची मोहोर उमटवली.

वॉटसन हॉटेलातल्या त्या खेळाला बरोबर 88 वर्षे झाली त्या दिवशी, 7 जुलै 1984 रोजी, 'हम लोग' सुरू झाली. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेल्या या मालिकेत मनोरंजनाच्या मिषाने कुटुंबनियोजनाचा उपदेश पाजावा अशी योजना होती. पहिल्या तेरा भागांतच लोकांना त्या काढ्याचा वास आला. त्यांनी नापसंती कळवली, आणि दूरदर्शनच्या या मालिकेला उपदेश आवरून घरसंसाराच्या गोष्टीकडे वळावे लागले. प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी चार शब्द बोलत, आणि दूरदर्शनकडे पत्रांचे ढीग येत: अमक्या मुलीचे लग्न लावा, तमक्याला सुधारा. गंमत अशी की निमूटपणे सारे सोसणारी भागवंती ही आई कर्त्यांनी इशारा म्हणून रंगवली होती, तर अनेक प्रेक्षकांनी तिलाच आदर्श ठरवून टाकले. लेखकाचा हेतू काय, ही बाब प्रेक्षकाने आपल्या अखत्यारीत घेतली होती.

जानेवारी 1987 मध्ये 'रामायण' सुरू होताच लोक आंघोळ करून, संचाला हार घालून, उदबत्ती लावून बसू लागले, तेव्हा सुशिक्षितांनी आश्चर्य केले. 'लंकादहना'पुढे पादत्राणे काढणाऱ्यांची नातवंडे आणखी काय करणार होती? रामानंद सागर यांनी जुलै 1988 मध्ये राज्याभिषेकापाशी कथा थांबवली. उत्तरकांडावाचून वाल्मीकींची कथा अपुरी राहते, असे म्हणत उत्तर भारतातील वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी संप पुकारला, शहरांत केराचे ढिगारे साचू लागले, आणि मंत्रालयाला पुढील भाग काढण्याचा हुकूम द्यावा लागला. रंगाचारियर समितीपुढे ज्यांना कोणी बोलावले नव्हते, त्यांनी साठ वर्षांनंतर आपली साक्ष अशी नोंदवली, आणि लवकुशांची कथा त्याच वर्षी पडद्यावर आली.