इंजिन संवेदकांचे दोषनिदान आणि अंबड परिसर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मोटारीतील दोष कसा शोधावा, हे भारतात बऱ्याच अंशी उत्सर्जनविषयक कायद्याने ठरविले आहे. कार्ब्युरेटरच्या काळात इंजिनचा आवाज, धुराचा रंग आणि प्लगवरील काजळी ही मिस्त्रीची साधने होती. १ एप्रिल २००० पासून देशभर युरो-१ च्या धर्तीवरील मानके लागू झाली. त्यानंतर कारमध्ये कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शन, संगणक व संवेदक अर्थात सेन्सर यांनी घेतली. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या कारना सक्तीची झालेली प्रमाणित दोषसंकेत प्रणाली (ओबीडी-२) भारतात २०१३ मध्ये, तीही केवळ भारत स्टेज-४ वाहनांपुरती अनिवार्य झाली.

येथे भूगोलाचा प्रश्न उपस्थित होतो. २०१० मध्ये स्टेज-४ मानके प्रथम ज्या शहरांत आली, त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे व सोलापूर होती. १९८१ मध्ये निर्माण झालेला जालना जिल्हा त्यांत नव्हता. अंबडमधील नव्या वाहनांना ही मानके १ एप्रिल २०१७ रोजीच लागू झाली. तत्पूर्वीच्या वाहनांत संवेदक होते, परंतु त्यांचे संकेत वाचण्याची सोय बहुधा कंपनीच्या स्वतःच्या यंत्रापुरती मर्यादित होती. परिणामी स्वतंत्र गॅरेजचालकाचे परंपरागत ज्ञान अपुरे ठरले आणि नवे ज्ञान त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचले.

दोषसंकेत म्हणजे निदान नव्हे, हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. 'पी ०१७१' हा संकेत मिश्रणात इंधन कमी असल्याचे सांगतो. दोष हवामापक संवेदकात, फाटलेल्या हवानळीत वा इंधनाच्या अपुऱ्या दाबात असू शकतो. शीतक-तापमान संवेदकाचा रोध इंजिन तापेल तसा घटतो. त्याची तार तुटल्यास रोध अमर्याद भासतो आणि संगणक इंजिन अतिशय थंड असल्याचे समजतो. अशा वेळी संवेदक बदलणे म्हणजे ग्राहकाचा निव्वळ खर्च! साधा मल्टिमीटर व वायरिंगची तपासणी येथे पुरेशी ठरते. कायद्याने डॅशबोर्डवर इशारादिवा आणला. त्याचा अर्थ लावण्याचे शिक्षण मात्र कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले.

पुढे १ एप्रिल २०२० रोजी देशाने स्टेज-५ वगळून थेट स्टेज-६ स्वीकारले. मुंबई, पुणे व सोलापूर येथील कारागिरांना स्टेज-४ समजून घेण्यास सुमारे दहा वर्षे मिळाली होती. अंबडच्या वाट्याला अवघी तीन आली.