दाबटाकी, घरगुती विहिरीची

विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घरातल्या नळांना जोराने मिळावे म्हणून पंप आणि नळ यांच्यामध्ये बसवलेली बंद टाकी. अमेरिकेत सुमारे 15 टक्के लोक खाजगी विहिरीचे पाणी वापरतात. त्यांच्या तळघरांत ही टाकी हमखास दिसते. आपल्याकडे हे काम गच्चीवरची टाकी उंचीच्या बळावर करते. पण दहा मीटर उंचीमागे दाब मिळतो जेमतेम 14 पीएसआय (चौरस इंचाला पाउंड), आणि बर्फाच्या मुलखात गच्चीवरचे पाणी गोठून बसते. म्हणून तिथे उंचीऐवजी कोंडलेली हवा वापरतात. पाणी दाबून फारसे आकसत नाही, हवा आकसते आणि नळ उघडला की तीच पाणी पुढे रेटते. तेव्हा जपायची ती या टाकीतली हवा.

प्रेशर स्विच बहुधा 30 पीएसआयला पंप सुरू करतो आणि 50 ला बंद करतो. रिकाम्या टाकीत, पाणी आणि हवा वेगळे ठेवणाऱ्या रबरी पडद्याच्या पलीकडची हवा पंप सुरू होण्याच्या दाबाहून 2 ने कमी, म्हणजे 28 ठेवायची असते. तेवढी असेल तर 75 लिटरची टाकी पंप थांबल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत सुमारे 22 लिटर पाणी देते. बॉइलच्या नियमाने (दाब वाढेल त्या प्रमाणात हवेचे आकारमान घटते) हिशेब केला तर हवा 10 वर उतरल्यावर हेच पाणी 13 लिटरवर येते, आणि भरलेला दाब पुरता गेला की साडेसातवर. मग हात धुवायलाही पंप लागतो. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. पंप झिजतो तो पाणी उपसण्यापेक्षा या सारख्या चालू-बंदमुळे.

पाइपावरचा काटा 30 ते 50 मध्येच फिरतो आहे, मग तपासायचे कशाला, असे कोणी म्हणेल. पण तो आकडा स्विचने ठरवलेला असतो; हवा कमी असली तरी काटा तिथेच फिरतो, फक्त झरकन. पाण्याने भरलेल्या टाकीच्या हवा भरायच्या व्हॉल्व्हवर मोजले तरी पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखाच असल्याने पाण्याचाच आकडा मिळतो. म्हणून वर्षातून एकदा पंपाची वीज तोडून, टाकी पूर्ण रिकामी करून मोजावे. व्हॉल्व्ह मोटारीच्या चाकासारखाच असतो, त्यामुळे सायकलचा पंपही चालतो. मग हवा जास्तच भरून ठेवावी का? नाही, 35 भरली तर पंप सुरू होण्याआधीच टाकी रिती होते आणि नळ मध्येच गचका खातो. बंद टाकीतली हवा जाते कुठे, ही शंकाही रास्त आहे: थोडी रबरातून झिरपते, थोडी व्हॉल्व्हमधून. जुन्या, पडदा नसलेल्या जस्ती टाक्यांत तर ती पाण्यातच विरघळते. व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी उडाले तर पडदा फाटलेला आहे. तिथे हवा भरत बसण्यात अर्थ नाही.