स्मरणवस्तूंचे खरेपण : ‘वेस्टमरलँड’ जहाज आणि अठराव्या शतकातील रोमचा प्रवासी बाजार

परदेशाहून परतणारा माणूस सहसा रिकाम्या हाताने परतत नाही. त्याच्या सामानात एखादी तरी वस्तू अशी असते की जिचा उपयोग शून्य असला तरी जिच्यावाचून प्रवास पुरा झाला असे त्याला वाटत नाही. प्रवासवर्णनांच्या अभ्यासाने प्रवाशाच्या दृष्टीची आणि शैलीची चिकित्सा पुष्कळ केली. या वस्तूंची दखल मात्र त्या मानाने उशिरा घेतली गेली. स्मरणवस्तू निवडताना प्रवाशाच्या मनात दोन प्रश्न असतात : ती देखणी आहे काय, आणि ती अस्सल आहे काय. हे दोन्ही प्रश्न वरवर पाहता अभिरुचीचे वाटले तरी त्यांना इतिहास आहे. आणि त्या इतिहासाचा एक दुर्मीळ पुरावा १७७९ साली पकडल्या गेलेल्या एका व्यापारी जहाजाने मागे ठेवला आहे.

‘वेस्टमरलँड’ हे इंग्रजी जहाज इटलीतील लिव्होर्नो बंदरातून इंग्लंडकडे निघाले होते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धामुळे फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात त्या वेळी युद्ध सुरू होते. जानेवारी १७७९ मध्ये फ्रेंच युद्धनौकांनी हे जहाज पकडून स्पेनमधील मालागा बंदरात नेले. जहाजावर नेहमीच्या व्यापारी मालाबरोबर, इटलीचा प्रवास करणाऱ्या इंग्रज तरुणांनी घरी पाठवलेल्या पेट्या होत्या. त्यांत चित्रे, संगमरवरी पुतळे, नकाशे, पुस्तके, जलरंगचित्रे आणि पंखे होते. पार्मेझान चीजची बत्तीस चाकेही होती. कलावस्तूंच्या बहुतेक पेट्या राजा तिसरा कार्लोस याच्यासाठी खरेदी करण्यात आल्या आणि १७८३ साली माद्रिदच्या सान फर्नांदो कला अकादमीत पोहोचल्या. ज्या वस्तू इंग्लंडमधील दिवाणखान्यांत विखुरल्या जाणार होत्या, त्या एका अपघाताने एकत्र राहिल्या. एका विशिष्ट क्षणी प्रवासी नेमके काय विकत घेत होते, हे त्यामुळे कळू शकते.

सधन घराण्यातील तरुणाचे शिक्षण इटलीच्या प्रवासाने पूर्ण होते, अशी त्या काळी समजूत होती. या प्रवासाला ‘ग्रँड टूर’ म्हणत. वर्गात लॅटिन कवी आणि इतिहासकार वाचलेला हा तरुण रोममध्ये येई तो नवे पाहण्यासाठी नव्हे, तर वाचलेले ओळखण्यासाठी. म्हणून त्याची खरेदीही वाचनाशी बांधलेली असे. पोम्पेओ बातोनी या रोममधील चित्रकाराने अशा प्रवाशांची शेकडो व्यक्तिचित्रे रंगवली. त्यांची एक ठरीव भाषा होती : ऐटदार पवित्रा, शेजारी एखादा प्राचीन पुतळा किंवा अवशेष, आणि मागे रोम. ‘वेस्टमरलँड’वर सापडलेले आणि आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात असलेले फ्रान्सिस बॅसेट याचे १७७८ मधील चित्र याच परंपरेतले आहे. तरुणाच्या हातात नकाशा आहे आणि पाठीमागे संत पीटरचे चर्च. ‘मी तेथे होतो’ हे विधान या चित्राने रंगांत नोंदवले. आजचा प्रवासी एखाद्या स्मारकासमोर उभा राहून छायाचित्र काढून घेतो, तेव्हा त्याचे विधान याहून फारसे वेगळे नसते.

या बाजारात अस्सल आणि नक्कल यांची विभागणी आजच्यासारखी नव्हती, ही बाब महत्त्वाची आहे. उत्तम प्राचीन शिल्पे पोपच्या राज्याबाहेर नेण्यास परवाना लागे. १७७१ मध्ये व्हॅटिकनमध्ये नवे संग्रहालय स्थापन झाल्यावर निवडक वस्तू तेथेच राहू लागल्या. साहजिकच प्रवाशाच्या वाट्याला प्रतिकृती येत : प्लास्टरचे साचे, ब्राँझच्या लहान मूर्ती, जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेझी याची रोमची कोरीव मुद्राचित्रे. परंतु त्यांची कोणाला लाज वाटत नसे. मान्यताप्राप्त शिल्पाची चांगली प्रतिकृती ही मान्यताप्राप्त काव्याच्या चांगल्या भाषांतरासारखी समजली जाई. ती मूळ असल्याचा दावा करीत नसे आणि म्हणून फसवीतही नसे.

फसवणुकीची शक्यता सुरू होई ती प्रतिकृती आणि पुरावस्तू यांच्या मधल्या प्रदेशात. बार्तोलोमेओ कावाचेप्पी हा रोममधील नामांकित जीर्णोद्धारक भग्न पुतळ्यांना नवी नाके, नवे हात आणि प्रसंगी नवी मस्तके जोडीत असे. १७६८ ते १७७२ या काळात प्रसिद्ध केलेल्या तीन खंडांत त्याने आपण दुरुस्त केलेल्या शिल्पांची चित्रे छापली आणि जीर्णोद्धाराची तत्त्वेही मांडली. त्याचा व्यवसाय उघडा होता. पिरानेझी त्यापुढे गेला. हेड्रियनच्या प्रासादपरिसरात सापडलेले तुकडे आणि नवा संगमरवर एकत्र करून त्याने भव्य दीपस्तंभ घडवले. त्यांतील दोन रॉजर न्यूडिगेट याने विकत घेऊन १७७६ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाला दिले. त्यांतला प्राचीन भाग किती, यापेक्षा पिरानेझीची प्रतिभा किती हा प्रश्न आज अधिक फलदायी ठरतो. प्राचीन रोमचा म्हणून घेतलेला ऐवज अठराव्या शतकातील रोमचा अस्सल दस्तऐवज ठरला.

जाणकाराची नजरही या संभ्रमातून सुटली नाही. योहान योआखिम विंकलमान हा १७६३ पासून रोममधील पुरावस्तूंचा अधिकृत देखरेखप्रमुख होता. कोणती वस्तू बाहेर जाऊ द्यावी हे ठरवणे त्याच्या कामाचा भाग होते. त्याच विंकलमानने १७६४ च्या आपल्या प्राचीन कलेच्या इतिहासात ज्युपिटर आणि गॅनिमीड यांच्या एका भित्तिचित्राची प्राचीन म्हणून प्रशंसा केली. प्रत्यक्षात ते त्याचा मित्र चित्रकार आंटोन राफाएल मेंग्ज याने रंगवलेले होते. गटेने आपल्या इटलीच्या प्रवासवृत्तात या प्रकरणाची हकीकत दिली आहे. विंकलमानचे ज्ञान अपुरे होते म्हणून तो फसला, असे म्हणणे पुरेसे नाही. प्राचीन चित्र कसे असावे याविषयीची त्याची अपेक्षा मेंग्जला पूर्णपणे ठाऊक होती, म्हणून तो फसला. बनावट वस्तू ही नेहमी ग्राहकाच्या अपेक्षेची सर्वांत अचूक प्रतिकृती असते.

खुद्द गटेचा अनुभव याची दुसरी बाजू दाखवतो. रोममध्ये १७८७ च्या आरंभी त्याने लुदोव्हिसी संग्रहातील जुनोच्या प्रचंड मस्तकाचा साचा मिळवून आपल्या खोलीत ठेवला. रोम सोडताना तो त्याला बरोबर नेता आला नाही. तो चित्रकर्ती अँजेलिका काउफमान हिच्याकडे राहिला. वायमारच्या त्याच्या घरातील जुनो ही पुढे १८२३ मध्ये आलेली दुसरीच प्रत होय. शिवाय विसाव्या शतकातील संशोधनाने ते मस्तक जुनो देवीचे नसून अँटोनिया या रोमन राजस्त्रीचे असल्याचे मत मांडले आणि ते मान्यता पावले. म्हणजे वस्तू प्रतिकृती, तीही दुसरी, आणि तिचे नावही चुकलेले. तरीही गटेच्या रोमची ती खोटी आठवण आहे असे म्हणता येत नाही, कारण तिला धरून ठेवणारा मजकूर अस्सल आहे.

मराठी प्रवासवाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे विष्णुभट गोडसे यांची कावड आठवेल. वरसईहून उत्तरेत गेलेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडलेले गोडसे भटजी परतताना गंगोदकाची कावड घेऊन आले आणि त्यांनी आईवडिलांना गंगास्नान घडवले. ती विकत घेतलेली शोभेची वस्तू नव्हती, हा भेद मोठा आहे. परंतु एक साम्य विचार करायला लावणारे आहे. पाण्याकडे पाहून ते गंगेचे आहे हे कोणालाही ओळखता येणार नाही. त्याचे खरेपण वाहून आणणाऱ्याच्या शब्दावर आणि ऐकणाऱ्याच्या विश्वासावर उभे असते. त्या शब्दाचीही पुढे कावाचेप्पीच्या पुतळ्यांसारखी गत झाली. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध करताना मूळ लेखनात फेरफार केले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाने १९६६ साली उपलब्ध झाला. जीर्णोद्धार दगडाचा असो वा गद्याचा, जोड कोठे दिली हे सांगितले की तो विद्या ठरतो. लपवले की संशय.

‘वेस्टमरलँड’च्या पेट्यांचे नेमके उलट झाले. वस्तू शाबूत राहिल्या, पण त्यांना धरून ठेवणारा शब्द तुटला. अकादमीत काही पुस्तकांवर आणि चित्रांवर ‘पी. वाय.’ अशी अक्षरे लिहिली गेली. ‘प्रेसा इंग्लेसा’, म्हणजे पकडलेला इंग्रजी ऐवज, असा त्यांचा अर्थ. जुन्या स्पॅनिश लेखनात ‘इंग्लेसा’ हा शब्द ‘वाय’ने लिहीत. कालांतराने या अक्षरांचाही विसर पडला. कोणाच्या तरी तारुण्याची साक्ष असलेल्या वस्तू विद्यार्थ्यांच्या सरावाचे नमुने झाल्या. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात होसे मारिया लुसोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेट्यांच्या जुन्या याद्या, त्यांवरील आद्याक्षरे आणि वस्तू यांची सांगड घालण्यास आरंभ केला, तेव्हा मालकांची नावे एकेक करून परत आली. २०१२ मध्ये ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयात या ऐवजाचे प्रदर्शन भरले; ज्या देशात तो जायचा होता तेथे त्यातील काही भाग सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी, तोही पाहुणा म्हणून, पोहोचला.

ही नावे परत आणणारी साधने कोणती होती हे पाहिले म्हणजे स्मरणवस्तूच्या खरेपणाचा प्रश्न स्पष्ट होतो. संगमरवराचे वय तपासून बॅसेट सापडला नाही. तो सापडला यादीतील एका ओळीमुळे आणि पेटीवरच्या अक्षरांमुळे. देखणेपण वस्तूत असते आणि ते टिकते. अस्सलपण मात्र वस्तू, तिचा कारागीर, ती आणणारा आणि तिची हकीकत यांच्या संबंधात असते, आणि त्यातील एक दुवा निखळला तरी ते नाहीसे होते. बातोनीच्या चित्रशाळेत रंग घोटणारे, साचे ओतणारे, पेट्या बांधणारे असंख्य रोमन हात या याद्यांत बहुधा अनामच राहिले. प्रवाशांची नावे परत मिळाली. त्या हातांची मिळवणे हे काम अद्याप शिल्लक आहे.